‘कोठें आहे?’ आणि ‘कसें आहे?’ : इंग्रजींतील स्थलवर्णनाचा अभ्यास

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास आपलें नांव, वडिलांचें नांव व इयत्ता सांगतां आली म्हणजे त्याची पहिली मजल संपली, असें समजण्याची वहिवाट आहे. परंतु नांवानंतर परका मनुष्य जो दुसरा प्रश्न विचारतो तो बहुधा गांवाविषयींचाच असतो. तूं कोठला? तुझें गांव कोणत्या बाजूस आलें? तेथें काय आहे? ह्या तीन साध्या प्रश्नांपाशीं आमचे पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. आणि उलट परक्या शहरीं गेल्यावर हेच प्रश्न त्यांस दुसऱ्याला विचारावयाचे झाले, तर ओठांपर्यंत आलेले शब्द ते परत गिळतात. ही अडचण नेमकी कोठें आहे, मराठी व इंग्रजी ह्या भाषांच्या घडणींतील फरकामुळें ती कशी उत्पन्न होते, आणि वर्गांत आम्ही तिच्यावर काय उपाय करितों, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें चिंचपाडा हें नवापूर तालुक्यांतील गांव. सुरतेजवळच्या उधन्याहून निघून तापीच्या खोऱ्यांतून जळगांवास जाणाऱ्या लोहमार्गावर आमचें स्टेशन आहे. एका बाजूस नवापूर व त्यापलीकडे गुजरात, दुसऱ्या बाजूस खांडबारा व त्यापुढें नंदुरबार. येथील ख्रिस्ती रुग्णालयामुळें दूरदूरच्या पाड्यांवरून रोगी येतात, आणि डॉक्टर व परिचारिका कित्येकदां परप्रांतांतून आलेल्या असतात. अशा ठिकाणचें मूल घरीं मावची, भिली किंवा कोकणी बोलतें, शाळेंत मराठी बोलतें, बाजारांत प्रसंग पडेल तशी गुजराथी किंवा हिंदी बोलतें, आणि मग आणखी एक भाषा म्हणून इंग्रजीच्या दारांत येऊन उभें राहतें. महाराष्ट्रांत सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. तेव्हां हायस्कुलांत येईपर्यंत ती भाषा मुलाच्या कानांवरून अनेक वर्षें गेलेली असते. तीन-चार भाषांत वाट विचारूं शकणारें हें मूल इंग्रजींत मुकें होतें, ह्याचें कारण बुद्धीची उणीव खास नव्हे. त्या भाषेंत प्रश्नाची बांधणी कशी करितात, हें त्यास कोणीं नीट दाखविलेलें नसतें, एवढेंच.

‘माय व्हिलेज’ ह्या विषयावरचा निबंध घ्या. माझें गांव फार सुंदर आहे, त्याच्या सभोंवार डोंगर आहेत, जवळून एक नदी वाहते, लोक प्रेमळ आहेत, मला माझें गांव फार आवडतें. हीं पांच वाक्यें वर्गांतील प्रत्येक मुलास पाठ असतात. तीं चिंचपाड्यास लागू पडतात, रत्नागिरीस लागू पडतात आणि स्वित्झर्लंडासही लागू पडतात. जें वर्णन सर्वांस लागू पडतें तें कोणाचेंच नसतें. ही केवळ परीक्षेच्या गुणांची गोष्ट असती तर आम्हीं तिचा एवढा विस्तार केला नसता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून निराळा झाला. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विकासांत मागें पडलेले म्हणून जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत त्याचें नांव आहे. त्यामुळें बाहेरच्या मनुष्यास आमच्या जिल्ह्याविषयीं जें कांहीं ठाऊक असतें, तें बहुधा उणिवांच्या कोष्टकांतून आलेलें असतें. आमची एखादी मुलगी परिचारिकेच्या शिक्षणक्रमाच्या मुलाखतीस बसली, आणि ‘टेल अस अबाउट युवर प्लेस’ असें तिला कोणीं म्हटलें, तर पाठ केलेल्या पांच वाक्यांपलीकडे तिच्यापाशीं कांहीं नसल्यास ऐकणाऱ्याच्या मनांत तें कोष्टकच उरतें. आपल्या गांवाचें वर्णन आपण केलें नाहीं, तर दुसरा कोणी करितो. आणि तो आपल्या सोयीनें करितो.

आतां शिकविण्याच्या रीतींविषयीं थोडें. महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांचें इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पोसलें गेलें. मराठी वाक्य घ्यावें व त्याचें इंग्रजी करावें, ही ती रीति. तिनें नियम पक्के होत, ह्यांत शंका नाहीं; परंतु तींत विचारणारा व सांगणारा एकच, आणि दोघांस उत्तर आधींच ठाऊक. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत असलेल्या पी. सी. रेन ह्यांनीं (‘रेन आणि मार्टिन’ ह्या व्याकरणांतले रेन ते हेच) वस्तु दाखवावी व थेट इंग्रजींतच बोलावें, अशा प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार केला. उलट ढाक्यास शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयांत काम केलेल्या मायकेल वेस्ट ह्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, बंगाली मुलांस बोलण्याच्या आधीं वाचावयास शिकवा, असें प्रतिपादन केलें. वेस्ट ह्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. खेड्यांतील मुलास इंग्रजी बोलण्याचे प्रसंग थोडे येतात. पण जे येतात ते स्टेशनावर, दवाखान्यांत किंवा परक्या शहराच्या चौकांत येतात, आणि तेथें पुस्तक उघडून पाहण्यास सवड मिळत नाहीं.

मुख्य अडचण कोठें आहे ती पाहूं. मराठींत आपण म्हणतों, ‘गांवांत विहीर आहे’. आणि दुसऱ्या प्रसंगीं म्हणतों, ‘विहीर गांवांत आहे’. शब्द तेच, क्रम मात्र फिरला. पहिल्या वाक्यानें ऐकणाऱ्यास विहिरीची वार्ता नव्यानें दिली. दुसऱ्या वाक्याच्या वेळीं विहीर आहे हें त्यास ठाऊकच होतें. ती कोठें आहे एवढेंच सांगितलें. हा भेद आपण लहानपणापासून इतक्या सहज करितों कीं, आपण कांहीं भेद करीत आहों हेंही आपल्या ध्यानांत येत नाहीं. इंग्रजी भाषा हें काम केवळ क्रमावर सोंपवीत नाहीं. नव्यानें सांगावयाच्या वस्तूसाठीं ती ‘देअर इज’ हे शब्द आरंभीं ठेविते व वस्तूच्या नांवाअगोदर ‘ए’ घालते : ‘देअर इज ए वेल इन द व्हिलेज.’ ठाऊक असलेल्या वस्तूस ती ‘द’ लाविते : ‘द वेल इज इन द व्हिलेज.’ हें ‘देअर’ म्हणजे ‘तेथें’ नव्हे, हें मुलांनीं नीट लक्षांत ठेवावें. तो केवळ एक पाट आहे. नव्या पाहुण्यास बसावयाला मांडलेला. म्हणूनच ‘देअर इज ए वेल देअर’ हें वाक्य अगदीं शुद्ध आहे. पहिला ‘देअर’ पाट, दुसरा ‘देअर’ म्हणजे तेथें. आमचीं मुलें मराठीच्या वळणानें ‘इन माय व्हिलेज वन वेल इज’ असें लिहितात, तें ह्या पाटाची ओळख नसल्यामुळें.

प्रश्न विचारतांना हाच भेद फार उपयोगीं पडतो. ‘व्हेअर इज द बँक?’ असें विचारणारा, येथें बँक आहे असें गृहीत धरितो. ‘इज देअर ए बँक निअर हिअर?’ असें विचारणारा कांहींच गृहीत धरीत नाहीं. परक्या गांवीं दुसरा प्रश्न आधीं विचारणें शहाणपणाचें. आपल्याकडील माणसें इतकीं भिडस्त कीं, ‘बँक कोठें आहे?’ असें कोणीं ठामपणें विचारलें म्हणजे ‘नाहीं’ म्हणण्याऐवजीं तीं त्यास बँक असलेल्या गांवाच्या वाटेला लावून देतील.

‘हाऊ फार इज इट?’ ह्या प्रश्नांतील ‘इट’ कोण, असें मुलें विचारतात, आणि तें योग्यच आहे. मराठींत ‘किती लांब आहे?’ एवढ्यानें भागतें. इंग्रजी वाक्यास कर्त्यावांचून चालत नाहीं, म्हणून तेथें ‘इट’ ठेवावें लागतें. उत्तर मैलांत किंवा किलोमीटरांतच दिलें पाहिजे असेंही नाहीं. आमच्या भागांत अंतर वेळेवर सांगण्याची चाल आहे, आणि इंग्रजींतही ‘हाफ ॲन अवर ऑन फुट’ असें खुशाल सांगतात. ‘हाऊ डू आय गेट टु द स्टेशन?’ ह्या प्रश्नांत ‘गेट’ म्हणजे ‘मिळणें’ एवढेंच पाठ असलेला विद्यार्थी चकित होतो. येथें त्याचा अर्थ पोंचणें असा आहे.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘कसें आहे?’ ह्या प्रश्नांत. ‘तोरणमाळ कसें आहे?’ ह्याचें भाषांतर मुलें ‘हाऊ इज तोरणमाळ?’ असें करितात. असा प्रश्न इंग्रजींत मनुष्याच्या प्रकृतीविषयीं शोभतो. ठिकाणाचें स्वरूप विचारावयाचें तर ‘व्हॉट इज तोरणमाळ लाइक?’ असें म्हणावें लागतें. पण ‘लाइक’ म्हणजे आवडणें हें मुलांस इतकें पक्कें माहीत असतें कीं, हा प्रश्न केल्यास तीं मोठ्या उत्साहानें ‘येस, आय लाइक तोरणमाळ’ असें उत्तर देतात. येथें ‘लाइक’ म्हणजे ‘सारखें’ : तोरणमाळ कशासारखें आहे? हें एकदां समजलें म्हणजे उत्तरही सुचूं लागतें. सातपुड्यांतील तें पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच आहे, तेथें हवा थंड असते, यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे. ‘इट इज हाय अँड कूल. देअर इज ए लेक, अँड देअर इज ए डीप व्हॅली.’ एवढ्या उत्तरानें परक्याच्या डोळ्यांपुढें कांहींतरी उभें राहतें.

विनयाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठींत विनय क्रियापदांत, ‘हो’ ह्या लहानशा शब्दांत व नात्याच्या संबोधनांत असतो : ‘दादा, स्टेशन कुठं आलं हो?’ ‘मावशी, दवाखाना इकडंच ना?’ अनोळखी मनुष्यास नात्यांत ओढून घेण्याची ही सोय इंग्रजींत नाहीं. म्हणून तेथें ‘एक्सक्यूज मी’ म्हणून थांबावें लागतें आणि प्रश्न जरा वळवून विचारावा लागतो : ‘कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’ ह्या वाक्यांत ‘इज’ शेवटीं गेला हें पाहा. मोठ्या प्रश्नाच्या पोटांत लहान प्रश्न शिरला म्हणजे त्याचा क्रम साध्या विधानासारखा होतो. चांगलें इंग्रजी बोलणारेही येथें चुकतात.

आतां शब्दयोगी अव्ययें. मराठींत तीं नामाच्या मागून येतात, इंग्रजींत पुढें. हें मुलें लौकर शिकतात. कठीण आहे तें निराळें. आपला एक ‘वर’ इंग्रजींत चार ठिकाणीं चार रूपें घेतो. ‘फळ झाडावर आहे’ ह्यास ‘ऑन द ट्री’, कारण फळ झाडास लागलेलें. परंतु ‘पक्षी झाडावर आहे’ ह्यास ‘इन द ट्री’, कारण पक्षी फांद्यांच्या आंत बसलेला. ‘आई नदीवर गेली’ ह्यास ‘टु द रिव्हर’. ‘आई विहिरीवर आहे’ ह्यास ‘ॲट द वेल’. ‘ऑन द वेल’ म्हटलें तर बिचारी आई विहिरीच्या झांकणावर चढून बसली असें साहेबास वाटेल. तसेंच ‘गाडींत’ : आगगाडी असेल तर ‘ऑन द ट्रेन’ व जीप असेल तर ‘इन द जीप’. ह्याचा एक स्थूल नियम असा कीं, ‘ॲट’ म्हणजे नकाशावरचा ठिपका, ‘ऑन’ म्हणजे रेघ किंवा पृष्ठ, आणि ‘इन’ म्हणजे चौफेर हद्द असलेली जागा. स्टेशन हा ठिपका, महामार्ग ही रेघ, तालुका ही हद्द. नियमास अपवाद आहेत. पण दहांतील सातआठ वेळां तो वाट दाखवितो. ‘समोर’ ह्या शब्दाचेंही असेंच आहे : घराच्या अंगणांतील चिंच घरासमोर आहे, ती ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’, पण रस्त्यापलीकडचें दुकान दवाखान्यासमोर आहे, तें ‘ऑपॉझिट द हॉस्पिटल’.

कांहीं शब्दांचें भाषांतर करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पाडा, फळी, शिवार, पार, खळें. ह्यांस इंग्रजींत नेमका शब्द नाहीं, कारण इंग्लंडांत त्या वस्तूच तशा नाहींत. ‘पाडा’ हाच शब्द ठेवावा व पुढें एका वाक्यानें अर्थ सांगावा : ‘ए पाडा इज ए स्मॉल ग्रुप ऑफ हाउसेस, अ लिटल अवे फ्रॉम द मेन व्हिलेज.’ इंग्रजांनींही ‘घाट’ व ‘नाला’ हे शब्द आपल्याकडून नेऊन आपल्या कोशांत घातलेच आहेत. ह्याच्या उलट ‘गांव’ ह्या शब्दानें फसूं नये. आपण पुण्याच्या मनुष्यासही ‘तुमचें गांव कोणतें?’ असें विचारतों. म्हणून ‘माय व्हिलेज इज पुणें’ असें लिहिल्यास हंसें होतें. तेथें ‘आय कम फ्रॉम पुणें’ म्हणावें.

वर्णनाचा क्रम कोणता असावा? ठिकाण कोठें आहे, तें काय आहे, आणि दुसरीकडे नसेल असें तेथें काय आहे; ह्या तिहींपैकीं तिसऱ्या गोष्टीवर सर्व भर द्यावा. आमच्या शेजारचें नवापूरचें रेल्वे स्टेशन हें ह्याचें उत्तम उदाहरण आहे. पूर्वी हा सर्व मुलूख एकाच मुंबई राज्यांत होता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें निराळीं झालीं, तेव्हां सीमेची रेघ ह्या स्टेशनामधूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेंत. आणि एक बांक असें आहे कीं, त्याच्यावर दोघे मित्र शेजारीं बसले तरी दोन राज्यांत बसतात. गाड्यांच्या सूचना मराठी, गुजराथी, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. आतां हें इंग्रजींत सांगावयास किती शब्द लागतात? ‘द स्टेशन स्टँड्स इन टू स्टेट्स. द टिकिट विंडो इज इन महाराष्ट्र, बट द स्टेशन मास्टर्स ऑफिस इज इन गुजरात.’ सहावीच्या मुलास येणार नाहीं असा एकही शब्द ह्यांत नाहीं. ‘सुंदर’ हा शब्दही ह्यांत नाहीं, आणि तो कोणास आठवतही नाहीं. त्याचप्रमाणें शहादें तालुक्यांतील मुलास सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार आहे, आणि तापी व गोमाई ह्यांच्या संगमावरचें प्रकाशें आहे. प्रत्येकापाशीं कांहींतरी आहे. तें पाहावयास मात्र शिकलें पाहिजे.

वर्गांत आम्ही काय करितों तें आतां सांगतों. शिक्षकानें टेबलावर पुस्तक ठेवून ‘व्हेअर इज द बुक?’ असें विचारणें ही जुनी रीति. पुस्तक सर्वांस दिसत असतें. मग मुलें उत्तर देतात तें शिक्षकांस बरें वाटावें म्हणून. खरा प्रश्न तोच, ज्याचें उत्तर विचारणाऱ्यास ठाऊक नसतें. म्हणून आम्ही दोन मुलांस पाठीस पाठ लावून बसवितों व एकाच गांवाचे दोन नकाशे देतों. एकांत दवाखाना व शाळा दाखविलेली, दुसऱ्यांत स्टेशन व पोस्ट. आपल्या नकाशांत जें नाहीं तें दुसऱ्यास विचारून भरावयाचें, आणि तेंही इंग्रजींतच. पहिल्या दिवशीं खाणाखुणाच अधिक होतात, म्हणून तर पाठीस पाठ. चारपांच दिवसांत ‘टर्न लेफ्ट’, ‘गो पास्ट द टेम्पल’, ‘इट इज निअर द ब्रिज’ हीं वाक्यें न शिकवितां येऊं लागतात. व्याकरणाच्या चुका आम्ही त्या वेळीं सुधारीत नाहीं; नकाशा चुकला म्हणजे चूक आपोआप उघडी पडते, आणि मुलें आपसांत भांडून ती दुरुस्त करितात. हें भांडण मावचींत झालें तरी आमची हरकत नसते.

कांहीं पालक म्हणतात, आतां मोबाईलवर नकाशा दिसतो, वाट विचारण्याची गरज काय? मोबाईल डांबरी रस्त्यापर्यंत नेतो हें खरें. पुढें नाल्यापलीकडचा पाडा, आणि पाड्यांतील कोणतें घर, हें पुष्कळदां त्यास ठाऊक नसतें. महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. रात्रीं कोणास साप चावला, तर फोनवर बोलणाऱ्यानें कोणत्या रस्त्यानें यावें, कोणत्या पुलापाशीं वळावें, गाडी कोठपर्यंत येईल, हें क्रमानें सांगितलें पाहिजे. तेथें मराठीच बोलावयाचें असतें, इंग्रजी नव्हे. परंतु ठिकाण क्रमानें सांगण्याची संवय एकाच भाषेपुरती राहत नाहीं. वर्गांत नकाशावर बोलावयास शिकलेलें मूल अशा वेळीं ‘इकडंच या, पुढं या’ एवढेंच म्हणत राहत नाहीं.

पालकांस आमची विनंती थोडकी आहे. आपणांस इंग्रजी येत नाहीं म्हणून ह्या कामीं आपला उपयोग नाहीं, असें कृपा करून समजूं नये. शिवारांतील कोणत्या विहिरीचें नांव काय, जुनी पायवाट कोठून जात असे, उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें होण्यापूर्वी तापीकांठीं कोणतीं गांवें होतीं, हें आपल्याला ठाऊक आहे, आम्हांला नाहीं. मुलांस तें आपल्या घरच्या भाषेंत सांगावें. इंग्रजी करण्याचें काम आमचें. ऊसतोडीसाठीं बारडोली-सुरतेकडे जाणाऱ्या कुटुंबांनीं तेथील ठिकाणें मुलांस मुद्दाम दाखवावीं व परत आल्यावर त्यांच्याकडून वर्णन करून घ्यावें. प्रवासांत वाट विचारावयाची असेल तेव्हां वडिलांनीं पुढें न होतां मुलीस पुढें करावें. ती पहिल्यांदां लाजेल. गाडी सुटण्यास वेळ असेल तर तिला लाजूं द्यावें.

आठवीच्या वर्गानें गांवाचा एक मोठा नकाशा भिंतीवर काढावयास घेतला आहे. स्टेशन, दवाखाना, शाळा व बाजार त्यांत आले आहेत आणि प्रत्येकाखालीं मुलांनीं स्वतः रचलेलें एक-एक इंग्रजी वाक्य आहे. रुळांच्या पलीकडचा भाग मात्र अजून बराच कोरा आहे. त्या बाजूच्या पाड्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वाटेवरील नाल्यांचीं, विहिरींचीं व मोठ्या झाडांचीं नांवें घरीं विचारून कागदावर मराठींत लिहून आणावीं व वर्गशिक्षकांकडे द्यावीं.